आधी पूल हवा

गटात एकत्र बसून ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांना नमस्कार, आणि चुलीपाशी, गोठ्यात, शेताच्या बांधावर मोबाईल लावून ऐकणाऱ्या एकट्या-दुकट्यांनाही. कुणी दादा, आबा, भाऊजी ऐकत असतील तर उठून जाऊ नका. आजची गोष्ट बाईची असली तरी तिच्यात पुरुषांनाही बरंच काम आहे.

आज जायचंय इथिओपियात. हा देश अरबी समुद्राच्या पलीकडं, आफ्रिकेच्या पूर्व अंगाला आहे. लांबचा वाटतो, पण त्याचं आपलं नातं जुनं आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, ज्यानं खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर वसवलं, तो जन्मानं तिथला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि फिरत फिरत दख्खनेत आला. तिकडून आलेल्या माणसांना आपल्याकडं हबशी म्हणत. तर त्या हबशांच्या मुलखातल्या एका बाईची ही हकिकत. तिचं नाव बोगालेच गेब्रे. लोक लाडानं बोगे म्हणायचे. आम्ही आपले बोगालेचताई म्हणू.

नावावरून एक गंमत सांगतो. इथिओपियात आडनाव नसतं. आपलं नाव आणि पुढं बापाचं नाव, एवढंच. आणि लग्न झालं म्हणून बाईचं नाव बदलत नाही. आधार कार्डावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं, असली आपली दगदग त्या बायांना नाही. पण नाव शाबूत राहिलं म्हणून बाकीचं सगळं शाबूत राहतं असं नाही, हे पुढं कळेलच.

देशाच्या दक्षिणेला केंबाटा नावाचा भाग आहे. डोंगराळ, पावसाचा, हिरवागार. दाट वस्ती, थोडी थोडी जमीन. प्रत्येक घरामागं एक झाड असतं, लांबून बघितलं तर केळीची बागच वाटावी. त्याला एनसेट म्हणतात. दिसायला केळ, पण याचं फळ खात नाहीत, खोड खातात. खोड आणि गड्डा खरवडून काढायचा, त्याचा लगदा खड्ड्यात पुरून काही महिने आंबवायचा आणि मग त्याची जाड भाकरी भाजायची. खरवडायचं, पिळायचं, पुरायचं, भाजायचं, हे सगळं काम बायांचं. शिवाय पाणी, सरपण, लेकरं आहेतच.

अशा एका शेतकऱ्याच्या घरात १९५० च्या दशकात बोगालेच जन्मली. जन्माची नेमकी तारीख कुणी लिहून ठेवली नाही. आपल्या आज्यांच्या तरी कुठं लिहिल्या होत्या? मुलींनी शाळेत जायची रीत नव्हती. पण बोगालेचला शिकायचं होतं. मग तिनं काय केलं, तर पाण्याला जाते म्हणून मडकं घेऊन निघायची आणि मिशनऱ्यांच्या शाळेत जाऊन बसायची. पाणवठा हे एकच ठिकाण असं होतं की जिथं पोरगी एकटी गेली तरी कुणी हटकायचं नाही. तिची हुशारी दिसली आणि वाट उघडत गेली. त्या भागात चौथीच्या पुढं शिकलेली ती पहिली मुलगी. पुढं शिष्यवृत्ती मिळवून ती राजधानीत, अदिस अबाबाला, मुलींच्या निवासी शाळेत गेली.

आता जे सांगणार आहोत ते ऐकताना काहींना जड जाईल. लहान पोरं मांडीवर असतील तर तुमचं तुम्ही ठरवा. वयात आलेल्या मुलींनी मात्र ऐकावं, असं आमचं मत आहे.

केंबाट्यात मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिची सुंता करायची चाल होती. मुलाची सुंता आपण ऐकलेली असते. ही मुलीची. लघवीच्या जागेजवळचा, बाईपणाचा नाजूक भाग कापून टाकायचा. भूल नाही, डॉक्टर नाही. गावातली एक बाई हे काम करायची. तिथल्या भाषेत त्याला जे नाव होतं त्याचा अर्थ ‘घाण काढणं’ असा होता. शब्दच बघा. देवानं दिलेल्या अंगाला घाण म्हणायचं, म्हणजे कापणाराचा हात थरथरत नाही.

बोगालेचची पाळी साधारण बाराव्या वर्षी आली. इतकं रक्त गेलं की ती मरता मरता वाचली, आणि जखम भरून यायला महिने लागले. तिची एक बहीण पुढं बाळंतपणात गेली. कापलेल्या जागी वण धरतो, ती जागा ताणत नाही, बाळ अडतं, आई फाटते नाहीतर रक्त जाऊन दगावते. लघवी तुंबते, जंतू शिरतात, धनुर्वात होतो, पुढं नवऱ्याजवळ जायचं म्हटलं तरी यातना. जागतिक आरोग्य संघटनेनं स्वच्छ सांगितलंय की या प्रकाराचा तब्येतीला कवडीचाही फायदा नाही. धर्माचं म्हणाल, तर आफ्रिकेत ही चाल ख्रिस्ती लोकांतही आहे आणि मुसलमानांतही आहे. मुलींची सुंता करा अशी आज्ञा बायबलात नाही आणि कुराणातही नाही.

ही हकिकत आम्ही कार्यक्रमाच्या तयारीला बसून वाचत होतो तेव्हा आमच्यातली एकजण तावातावानं म्हणाली, ‘त्या आयांना काळीज नव्हतं का?’ प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर नीट समजून घेतलं नाही तर पुढची गोष्ट कळणार नाही, म्हणून इथं थोडं थांबतो.

आईला काळीज होतंच. तिनं स्वतः हे भोगलेलं, लेकीनं भोगू नये असं तिला आतून वाटतच असणार. पण न कापलेल्या मुलीला नवरा मिळत नव्हता. घाणेरडी म्हणून तिला नावं ठेवणार, तिच्या हातचं कुणी खाणार नाही, सोयरीक जुळणार नाही. आणि जिथं जमीन पुरुषाच्या नावावर, कमाई पुरुषाच्या हातात, तिथं लग्न न झालेल्या बाईनं जगायचं कशावर? म्हणजे आईपुढं दोन वाटा होत्या. एकीकडं लेकीला एक दिवसाची यातना, दुसरीकडं जन्मभराचं बाहेर टाकलेपण. आईनं पहिली निवडली, ती मायेपोटीच. आपल्याकडं हुंड्याचं असंच नाही का? १९६१ पासून हुंडाबंदीचा कायदा आहे. हुंडा वाईट, हे कुठल्याही बापाला विचारा, तो मान डोलावेल. पण एकट्यानं ‘मी देणार नाही’ म्हटलं तर त्याची पोरगी घरात राहते आणि शेजाऱ्याची उजवली जाते. म्हणून तो कर्ज काढतो. अशा चाली एकेका घरानं सोडायच्या म्हटल्या तर सुटत नाहीत. सोडायच्या तर पुष्कळ घरांनी एकदम सोडाव्या लागतात, आणि शेजारच्यानंही सोडलीय हे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसावं लागतं.

बोगालेचताईंना हे लगेच उमगलं नव्हतं. त्या शिकत शिकत फार लांब गेल्या. जेरुसलेमला जंतुशास्त्र शिकल्या. तिथून फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठात गेल्या. मग लॉस एंजेलिसला रोगांच्या साथी कशा पसरतात त्याचा अभ्यास केला. इकडं त्यांच्या देशात राजा गेला, लष्करी राजवट आली, दुष्काळ पडले, लढाया झाल्या. त्या परदेशातून आपल्या देशातल्या शाळा-कॉलेजांना पुस्तकं पाठवत राहिल्या आणि पैसे उभे करायला मॅरेथॉन शर्यतीही धावल्या. मॅरेथॉन म्हणजे बेचाळीस किलोमीटर, आपल्या भाषेत तालुक्याच्या गावाला जाऊन परत यायचं, ते पण पळत.

मुलीच्या सुंतेचं खरं नुकसान काय, आपल्या अंगातून काय काढून नेलंय, हे त्यांना परदेशात, शास्त्राची पुस्तकं वाचताना पुरतं कळलं. मनात राग होताच. १९९१ मध्ये लष्करी राजवट पडली आणि पुढं १९९७ च्या सुमाराला त्या कायमच्या परतल्या, बायांसाठी काम करायचं म्हणून.

सुरुवातीला त्यांनी चर्चमध्ये उभं राहून एचआयव्ही आणि एड्सवर भाषण केलं. आपल्याकडं भर कीर्तनात एखाद्या बाईनं उठून या विषयावर बोलावं, तसं झालं ते. त्या काळी हा शब्दसुद्धा तिकडं तोंडातून काढायचा नव्हता. ताईंच्या लक्षात आलं की ज्यांच्यासाठी आपण आलोय त्यांचा आपल्यावर अजून भरवसाच नाही. परदेशातून शिकून आलेली बाई, हिला आमची दुखणी काय ठाऊक?

मग त्यांनी विचारलं, तुम्हाला काय हवं आहे?

लोक म्हणाले, पूल हवा.

ओढ्यावर पूल नव्हता. पोरांना शाळेत जाता येत नव्हतं, माल बाजाराला नेता येत नव्हता. एड्स नाही, सुंता नाही, बाईचे हक्क नाहीत. पूल. आता एखादी कार्यकर्ती म्हणाली असती की हे काही माझ्या कामात बसत नाही, मी महिलांच्या प्रश्नावर आलेय, पुलासाठी सरकारकडं जा. बोगालेचताईंनी पुलाला लागणारं सामान मिळवून दिलं आणि पूल झाला. आम्हाला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कामातली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. आपल्या गावांत सर्वेक्षणाचे कागद घेऊन येणारे पुष्कळ असतात. ‘काय हवं’ असं विचारून, उत्तर दुसरंच आलं तरी ते ऐकून त्याप्रमाणं वागणारे थोडे.

पुलानंतर बोगालेचताई आणि त्यांची बहीण फिकिर्ते या दोघींनी मिळून संस्था काढली. तिचं नाव त्यांच्याच भाषेत, केंबाट्टी मेंट्टी गेझ्झिमा-टोपे. म्हणजे केंबाट्याच्या बाया, एकत्र उभ्या. थोडक्यात सगळे केएमजी म्हणतात.

या संस्थेची कामाची पद्धत ऐकण्यासारखी आहे. तिला त्यांनी गावसंवाद असं साधं नाव दिलं. गावातली साधारण पन्नास माणसं, बाया आणि पुरुष दोन्ही, महिन्यातून दोनदा एकत्र बसायची. त्यात म्हातारे होते, तरुण पोरं होती, धर्माचं काम बघणारे होते, शाळकरी मुली होत्या आणि कापायचं काम करणाऱ्या बायासुद्धा होत्या. चर्चा चालवायला त्याच भागातली, शिकवून तयार केलेली माणसं. त्यांचं काम भाषण द्यायचं नाही, प्रश्न टाकायचा आणि गप्प बसायचं. बोलायचं लोकांनी. पाण्याचं बोला, रस्त्याचं बोला, आजाराचं बोला. आणि असं बोलता बोलता कधीतरी कुणी बाई म्हणते, माझी लेक त्यात गेली. मग दुसरी म्हणते, माझी बहीण.

आणि पुरुष ऐकतात. आमच्या मते खरी कमाल इथं आहे. पुरुषांना ठाऊक होतं की ही बायांची बाब आहे, बाया बायांची करतात, आपला काय संबंध? त्यातल्या कित्येकांना नेमकं काय कापतात हेसुद्धा माहीत नव्हतं. आणि बाया समजत होत्या की पुरुषांना कापलेलीच बायको लागते, म्हणून आपण करतोय. दोघं एकमेकांच्या नावानं करत होते आणि कधी समोरासमोर बोललेलेच नव्हते! पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहून.

एका बैठकीत काही होत नाही, महिने जातात. आपल्या गटातसुद्धा पहिल्या वर्षी हप्त्याशिवाय दुसरं काही कुणी बोलत नाही, आठवतंय ना? तिथंही तसंच. भांडणं झाली, विरोध झाला. बापजाद्यांची रीत मोडायला निघालेली बाई म्हणून बोटं मोडली गेली.

मग २००२ साली एक लग्न झालं. मुलगी न कापलेली. मुलानं हे माहीत असून तिला मागणी घातलेली. असं लग्न तिथं चोरून-लपून सुद्धा झालं नसतं. हे भर मांडवात झालं. साधारण दोन हजार माणसं जमली. नवरीच्या अंगावर पाटी होती की माझी सुंता झालेली नाही, माझ्याकडून शिका. आणि नवरदेवाच्या अंगावर पाटी होती की अशी बायको करताना मला आनंद होतोय. नवरीच्या करवल्या म्हणून तीनशेहून जास्त मुली उभ्या होत्या, सगळ्या न कापलेल्या.

त्या मुलीच्या धाडसाला तोड नाही. भर मांडवात आपल्या शरीराबद्दल पाटी घालून उभं राहायचं म्हणजे काय! पण आमचं लक्ष त्या नवरदेवाच्या पाटीवर जास्त जातं. कारण आयांच्या मनातली भीती ‘हिला कोण करून घेईल’ हीच होती. त्या भीतीला भाषणानं उत्तर देता येत नव्हतं. नवरदेवानं उभं राहून दिलं. आणि मांडवातल्या आयांनी तीनशे पोरी मोजल्या, म्हणजे उद्या त्यांच्या पोरांना बघायला जाताना सून अशीच मिळणार, हेही त्यांना कळून चुकलं. त्यानंतर अशी लग्नं होत गेली.

आणखी एक युक्ती तिथल्या लोकांनी केली. इथिओपियात गावोगाव इदीर नावाची मंडळं असतात. दर महिन्याला थोडी थोडी वर्गणी काढायची आणि कुणाच्या घरी मयत झाली की मंडळानं सगळं बघायचं. मांडव, भांडी, जेवण, खांदा देणारी माणसं. (आपल्या भिशीसारखंही एक असतं, त्याला इकुब म्हणतात. माणसं सगळीकडं सारखीच डोकी लढवतात.) इदीरमधून नाव गेलं तर मेल्यावर उचलायला कुणी येणार नाही. केंबाट्यातल्या इदीरांनी ठराव केले की जो मुलीला कापेल त्याच्यावर कारवाई. सरकारी कायद्याला न घाबरणारा माणूस याला घाबरला.

इथं आमचं थोडं अडतं, ते उघडच बोलतो. वाळीत टाकणं म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. जातपंचायतींनी आपल्याकडं याच हत्यारानं किती बायांची आयुष्यं उद्ध्वस्त केली. म्हणून तर महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला. तेव्हा तिथलं जसंच्या तसं इथं आणा असं आम्ही म्हणणार नाही. पण एवढं खरं की ज्या मंडळींच्या धाकानं चाल चालू होती, त्याच मंडळींनी ती थांबवली. मयताच्या वर्गणीचं मंडळ मुलींच्या बाजूनं उभं राहिलं, हे बाहेरून कुणी जाऊन करून घेतलं नसतं.

केएमजीनं हात घातलेली दुसरी गोष्ट म्हणजे मुली पळवून नेणं. शाळेच्या वाटेवरून, पाणवठ्यावरून मुलगी उचलायची, तिच्यावर जबरदस्ती करायची आणि मग दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी बसून लग्न लावून द्यायचं. पोरगी तर आता बाटली, दुसरा कोण करणार, हा हिशेब. तो आपल्याही कानाला नवा नाही. इथिओपियाचा १९५७ सालचा फौजदारी कायदा तर असा होता की पळवणारानं मुलीशी लग्न केलं की त्याच्यावरचा खटला संपला. म्हणजे ज्यानं घाव घातला त्याच्याच पदरात तिला टाकायचं आणि कायद्यानं वर अक्षता टाकायच्या. ही पळवाट २००४ च्या नव्या फौजदारी कायद्यानं बंद झाली. मुलींची सुंता हाही त्याच कायद्यानं गुन्हा ठरला. त्याआधी २००० साली कुटुंब कायद्यात लग्नाचं वय अठरा झालं होतं. या सगळ्यासाठी देशभरातल्या बायांच्या संघटना लढल्या, वकील बाया लढल्या. श्रेय एकट्या बोगालेचताईंचं नाही. पण अदिस अबाबात लिहिलेला कायदा केंबाट्यातल्या पाणवठ्यापर्यंत पोचवायचा कुणी? ते काम पन्नास-पन्नास माणसांच्या बैठकांनी केलं. मुलगी पळवली गेली तर तिला परत आणायला, पोलिसात जायला, कोर्टात उभं राहायला आता गाव तिच्या मागं येऊ लागलं.

आता आकडे. आकडे फार सांगितले की तुम्ही जांभया देता, म्हणून मोजकेच. १९९९ साली केंबाट्याच्या भागात विचारलं तेव्हा शंभरातली ९७ माणसं ही चाल चालू राहावी म्हणत होती, आणि घरोघरी ती होतच होती. २००८ साली पुन्हा विचारलं, तर शंभरातली ९६ म्हणाली, बंद व्हावी. युनिसेफच्या पाहणीत त्या भागात मुली कापण्याचं प्रमाण शंभरातून तीनच्याही खाली आलेलं दिसलं. दहा वर्षांत. आम्ही हे पुन्हा पुन्हा वाचून बघितलं.

सगळ्या इथिओपियाचं मात्र असं नाही. २०१६ च्या देशव्यापी सरकारी पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या ६५ बाया कापलेल्या निघाल्या. युनिसेफच्या २०२४ च्या हिशेबानं जगभरात अशा मुली आणि बाया २३ कोटींहून जास्त आहेत. आणि हे फक्त तिकडचं असंही समजू नका. आपल्या देशात, मुंबई-पुण्यातसुद्धा, बोहरा समाजात लहान मुलींची अशी सुंता करण्याची रीत आहे. त्याच समाजातल्या काही बाया गेल्या दहा-बारा वर्षांत धीर करून बोलू लागल्या, आणि २०१७ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच समाजातल्या दुसऱ्या बाया याला आमच्या धर्माची बाब म्हणतात. तो निवाडा कोर्टात होईल. पण लेकीसाठी बोलायला घरातूनच कुणी उठावं लागतं, हे तिथंही दिसतं. दुसऱ्या समाजाकडं बोट दाखवायची घाई आपण करू नये, आपल्या घरात झाकून ठेवलेलं काही कमी नाही.

बोगालेचताईंच्या कामाला पुढं जगात मान मिळाला. २०१३ मध्ये बेल्जियम देशाचा किंग बॉदुआँ नावाचा मोठा पुरस्कार त्यांना मिळाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांचं निधन झालं. मधल्या बावीस वर्षांत त्यांनी फक्त सुंतेवर काम केलं असंही नाही. मुलींची शाळा, बाळंतपणाचे दवाखाने, पाणी, झाडं, बायांना कमाईचं साधन, जमिनीत वाटा, सगळं त्यात आलं. त्यांचं म्हणणं असायचं की हे धागे वेगळे काढता येत नाहीत. जिला वारसा नाही, शिक्षण नाही, कमाई नाही, तिला ‘नाही’ म्हणायला जागाच उरत नाही.

बरं, आता गटात बोलायला विषय. या वेळी तीनच प्रश्न देतो, पण घाई करू नका. एका बैठकीत नाही संपले तर दोन बैठका घ्या.

एक. आपल्या गावात अशी कुठली रीत आहे की जी घराघरात नकोशी वाटते, पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून प्रत्येक घर पाळतं? विधवेच्या बांगड्या असतील, मानपान असेल, पाळीतलं बाजूला बसणं असेल. आम्ही सुचवतोय म्हणून तेच घेऊ नका, तुमचं तुम्ही काढा.

दोन. त्या रितीबद्दल घरातल्या पुरुषाशी समोर बसून आजवर कोण बोललंय? बोलल्यावर तो काय म्हणाला? त्याला काय वाटतं हे आपण नुसतं धरून चाललोय का?

तीन. ही रीत सोडायची म्हटलं तर किती घरं एकदम लागतील? दोनशे उंबऱ्यांच्या गावात वीस पुरतील का? आणि त्यातली पहिली पाच कुठली, नावानिशी.

बोललेलं कुणी एकीनं वहीत उतरवून ठेवा. वही नसेल तर मोबाईलवर बोलून आम्हाला पाठवा, सगळ्यांची परवानगी घेऊन. ज्यांना नाव नको त्यांचं नाव घेणार नाही. पुढच्या भागात तुमचंच वाचून दाखवू, आमचं बोलणं त्या दिवशी कमी. येतो आता.